वाटी, चमचा आणि सातबारा

आपल्या मंडळाच्या २०२३ सालच्या दिवाळीत फराळाच्या टेबलांपैकी एकावर ‘मिलेट कॉर्नर’ अशी पाटी होती. संयुक्त राष्ट्रसंघाने ते वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते आणि आपली मंडळी अशा बाबतीत मागे राहणारी नाहीत. नाचणीचे लाडू होते, ज्वारीच्या पिठाच्या चकल्या होत्या. लाडू उत्तम झाले होते. मी तीन खाल्ले. रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या एक काकू म्हणाल्या, “आमच्या लहानपणी नाचणी म्हणजे गड्यांचं खाणं. आमच्या ताटात कधी नसायची. आता बघा, टेबलक्लॉथवर आली!”

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. गड्यांचे खाणे आपले कसे झाले, आणि मधल्या काळात ते पेरणाऱ्यांचे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी पुस्तकांच्या कपाटाकडे गेलो. माझा पेशा संगणकाच्या प्रणाली लिहिण्याचा. डॉक्टरेटही इंजिनिअरिंगची, विषय ‘यंत्रणा का कोलमडतात’ हा. साहित्यसमीक्षेचा अधिकार मला नाही. पण अन्नाविषयीची तीन मराठी पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा त्यांच्यातले संबंध दिसू लागले. प्रत्येक पुस्तकात एक महत्त्वाची गोष्ट आहे आणि एक गाळलेली आहे. एकाने गाळलेले दुसऱ्यात सापडते, आणि तिन्ही वाचून झाल्यावर जे उरते ते मला माझ्याच घरात सापडले. म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिले पुस्तक : रुचिरा

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ची ओळख या अंकाच्या वाचकांना करून द्यायला नको. २००३ साली मी शिकायला इकडे आलो तेव्हा आईने बॅगेत ठेवलेली प्रत अजून आहे. तिला कव्हर उरलेले नाही, आणि आमटीच्या पानावरचे हळदीचे डाग आता छपाईचाच भाग वाटतात. १९७० साली हे पुस्तक निघाले आणि त्याच्या लाखाच्या वर प्रती खपल्या. कमलाबाईंना ‘एक लाख सुनांची सासू’ म्हणत असत. माझ्यासारखे जावई त्यात धरले होते की नाही, कोण जाणे!

या पुस्तकाचे मोठेपण मला इंजिनिअर म्हणून जास्त जाणवते. ‘अंदाजाने’, ‘चवीपुरते’, ‘हाताला लागेल तसे’ हे आपल्या आई-आज्यांचे शब्द. हे ज्ञान हातात असते आणि हातांबरोबर जाते. कमलाबाईंनी ते वाटी आणि चमचा या मापांत बसवले. त्यामुळे पिट्सबर्गच्या भाड्याच्या खोलीत, जन्मात कधी कढईला हात न लावलेल्या मुलालाही पिठले करता आले. अशिक्षित म्हणून ज्या ज्ञानाची कुणी दखल घेतली नाही, ते लिहून काढण्याजोगे आहे हे एका गृहिणीने दाखवून दिले. स्वयंपाकघरातल्या बाईच्या ज्ञानाला मराठीत मिळालेले हे मोठे प्रमाणपत्र आहे.

मात्र प्रमाणीकरणाला एक किंमत असते. कृतीत ‘ज्वारीचे पीठ’ असे लिहिले की काम भागते. कोणती ज्वारी, हे ‘रुचिरा’च काय, त्या पिढीतली बहुतेक पाकपुस्तके सांगत नाहीत. आमच्या बार्शी तालुक्यात ज्वारी हा एक शब्द नव्हता. भाकरीला मालदांडी, हुरड्याला गूळभेंडी, आणि शिवाय दगडी होती. कुठल्या रानात कोणती, कुठल्या पावसाला कोणती, कडबा कुणाचा गोड, हे माझ्या आजीला ठाऊक होते. पाकपुस्तक सुरू होते ते वाण्याच्या दुकानातून सामान घरी आल्यावर. डब्यात धान्य कुठून आले, बी कुणी राखले, हा त्याचा प्रश्न नाही. तो असावा अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. पण आपण हेच पुस्तक ‘आपले पारंपरिक अन्न’ म्हणून जपले, त्यामुळे आपल्या परंपरेच्या कल्पनेतूनही शेत नाहीसे झाले.

योगायोग असा, की ‘रुचिरा’ निघाली त्याच १९७० साली आपण राहतो त्या देशात प्रमाणीकरणाचा एक मोठा धडा मिळाला. मक्याचे संकरित बी तयार करताना मादी ओळींतले तुरे हातांनी खुडावे लागतात. ते कष्ट वाचावेत म्हणून ज्याच्या तुऱ्यात परागच धरत नाहीत असा टेक्सासमध्ये सापडलेला मक्याचा एक प्रकार बीजकंपन्यांनी सर्रास वापरला. त्यामुळे वरवर वेगवेगळ्या नावांच्या वाणांत एक गोष्ट समान होऊन बसली, आणि नेमकी तीच एका बुरशीला मानवली. त्या वर्षी अमेरिकेतला सुमारे १५ टक्के मका गेला. आमच्या भाषेत याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात. सगळा भार एकाच खुंटीवर, आणि ती खुंटी भिंतीत किती खोल गेली आहे हे कुणी पाहिलेले नाही! अमेरिकेला तो तोटा सोसता आला, कारण तिच्याकडे पैसा होता आणि पुढच्या हंगामात जुन्या पद्धतीने बी करता आले. मराठवाड्यातल्या तीन एकरवाल्याला दुसरा हंगाम कोण देणार? त्याचा विमा म्हणजे त्याच्या शेतातली सरमिसळ. ज्वारीत तूर, कडेने करडई, कुठे जवस, बांधावर अंबाडी, परसात घेवडा. एक गेले तर दुसरे हाती लागते. ही विमा पॉलिसी घरात सांभाळत होती ती बाई. राखेत घोळवलेले, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवलेले बी तिच्या ताब्यात असे. पेरणीच्या दिवशी पदरात बी घेऊन चाड्यावर मूठ धरणारीही बहुधा तीच.

दुसरे पुस्तक : अन्न हे अपूर्णब्रह्म

शाहू पाटोळे यांचे हे पुस्तक २०१५ साली आले. २०२४ साली भूषण कोरगावकरांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि तेव्हापासून आपल्यातल्या अनेकांना ते माहीत झाले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या अन्नाची ही हकीकत आहे. जेवताना म्हणायच्या आपल्या श्लोकातल्या ‘पूर्णब्रह्मा’ला एक ‘अ’ जोडून पाटोळे यांनी नावातच आपले सगळे म्हणणे सांगून टाकले आहे. तूप, तेल, दूध जिथे पोचतच नव्हते, तिथले अन्न पूर्णब्रह्म कसे असेल?

आपल्यापैकी बहुतेकांना हे पुस्तक वाचताना अवघडल्यासारखे होईल, आणि व्हायलाही हवे. रक्ती, वजडी, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या ही नावे ‘रुचिरा’च्या अनुक्रमणिकेत शोधून सापडणार नाहीत. ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हणून आपण परदेशी पाहुण्यांपुढे जे वाढतो ते महाराष्ट्राच्या एका कोपऱ्याचे जेवण आहे, हे या पुस्तकाने सभ्य पण स्पष्ट शब्दांत सांगितले. मला त्याचे आणखी एक महत्त्व वाटते. जैवविविधता हा शब्द आपण जंगल, वाघ, फुलपाखरे यांच्याशी जोडतो. इथे ती ताटात दिसते, आणि तीही भुकेच्या बाजूने. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला बांध, ओढा, पडीक रान यांवर उगवणारे सगळे ओळखावे लागते. तांदुळजा, घोळ, पाथरी केव्हा कोवळी असते, कशाचा पाला उकळून पाणी टाकून द्यायचे, जनावराचा कोणता भाग कसा टिकवायचा, हे ज्ञान हौसेचे नव्हते. ते जगण्याचे साधन होते.

म्हणून रानभाज्यांच्या महोत्सवाविषयी बोलताना जरा जपून बोलावे असे मला वाटते. आज आपण ज्याला पौष्टिक आणि निसर्गाशी जोडलेले म्हणतो, ते ज्यांनी नाइलाजाने खाल्ले त्यांना त्यात गौरव दिसेलच असे नाही. एखाद्या घराने नाचणी सोडून रेशनचा तांदूळ धरला, तर ती नुसती अडाणी निवड नव्हती. पांढरा भात ही प्रतिष्ठा होती. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेला तांबडा ‘मिलो’ ज्यांनी खाल्ला, त्यांच्या मनात भरडधान्याचा आणि लाचारीचा संबंध कायमचा जुळला असेल तर नवल नाही. माझ्या वडिलांनी पुढे जन्मभर तांबड्या भाकरीकडे पाहिले नाही.

तरीही नुकसान झाले ते झालेच. नाचणीत १०० ग्रॅममागे ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम १०च्या आसपास. ताटातून नाचणी गेली आणि तिच्या जागी दूध आले नाही, तर हाडांनी कॅल्शियम कुठून आणायचे?

पाटोळे यांच्या पुस्तकाने जातीची पंगत उघड केली. कोण कुठे बसले, कुणाला काय वाढले, कुणाला उरलेले मिळाले. पण घरातही एक पंगत असते. तिथे आधी पुरुष, मग मुले आणि शेवटी बाई जेवते, आणि ही रीत सगळ्या जातींत सारखी आहे. पाटोळे यांचा मुख्य विषय तो नाही. त्यांनी हाती घेतलेले काम एवढे मोठे आहे की याबद्दल तक्रार करू नये. तो विषय तिसऱ्या पुस्तकाने धीटपणे हाती घेतला.

तिसरे पुस्तक : चांदवडची शिदोरी

हे पुस्तक माझ्या वडिलांचे. त्यांच्या पश्चात ते मी इकडे आणले, तेव्हा पानांत खुणेसाठी ठेवलेला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला निघाला. शरद जोशींचे चरित्र आपल्यासारख्यांना विशेष जवळचे वाटावे असे आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली उत्तम नोकरी, आणि ती सोडून १९७६ साली परत येऊन चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती. आपण सगळे ‘एक दिवस परत जाऊ’ म्हणतो. हा गृहस्थ खरोखरच गेला. नोव्हेंबर १९८६मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला संघटनेचे महिला अधिवेशन भरले आणि खेड्यापाड्यांतून बायका लोटल्या. त्यामागची वैचारिक मांडणी म्हणजे ही ‘शिदोरी’.

जोशींचे म्हणणे थोडक्यात असे : शेतीत वरकड उत्पन्न होऊ लागले तेव्हा ते लुटणारेही आले. लुटीच्या त्या काळात पुरुषाला लढवय्या बनवले गेले आणि बाईला उंबऱ्याच्या आत कोंडले गेले. तेव्हा बाईची गुलामी आणि शेतीची लूट यांचे मूळ एकच आहे. ही मांडणी वाचताना आजही जाग येते, कारण शेतकरी बाईला तिने ‘अबला’ म्हणून न पाहता उत्पादक म्हणून पाहिले. एखाद्या प्रणालीत बिघाड झाला की आम्ही विचारतो, पहिला दोष कुठे शिरला? जोशींनी तोच प्रश्न विचारला.

पण उत्तराबद्दल माझी शंका आहे. सगळा दोष बाहेरून आला असे म्हटले की घर निर्दोष ठरते. लुटारू शिवारात येत होते, मान्य. पण चुलीपाशी उरलेल्या अर्ध्या भाकरीवर बाईला कुणी बसवले? त्यासाठी घोड्यावरून कुणी आले नव्हते. दुसरी शंका भावाची. शेतमालाला घामाचे दाम मिळाले की घर सुधारेल आणि घर सुधारले की बाईही, हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. भाव बाजारात जाणाऱ्या पिकाला मिळतो. जिथे भाव मिळतो तिकडे जमीन वळते, आणि जमीन वळली की निर्णयही वळतो. परसातला घेवडा, बांधावरची अंबाडी, करडईची कोवळी भाजी यांना बाजारभाव नव्हता, म्हणूनच ती बाईच्या हातात राहिली होती. मराठवाड्यात सोयाबीन आले तेव्हा पैसा आला हे खरे. पण सोयाबीन विकल्याचे पैसे पुरुषाच्या खिशात आले आणि भाजी विकत आणायची झाली. कधी आणली, कधी नाही.

मात्र याच जोशींनी अशी दोन पावले उचलली की त्यांच्या सिद्धांतातली उणीव त्यांनाच दिसली असावी असे वाटते. एक ‘लक्ष्मीमुक्ती’. शेतकऱ्याने स्वतः होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, अशी ही मोहीम. अनेक गावांत ती झाली, आणि १९९२ साली सरकारनेही नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. दुसरे पाऊल ‘सीताशेती’. १९९१ साली शेगावला मांडलेल्या शेतीच्या नव्या कार्यक्रमात बाईने स्वतःच्या तुकड्यावर, घरचे बी राखून, बाहेरून फारसे काही विकत न आणता घरापुरते पिकवावे, असे एक अंग होते. जागतिक बाजारपेठेचा एवढा कट्टर पुरस्कर्ता, आणि त्यानेच बाईसाठी बाजाराबाहेरचा एक तुकडा राखून ठेवावा! मला ही विसंगती वाटत नाही. आमच्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात.

चौथे पुस्तक, जे कुणी लिहिले नाही

आता घरचे सांगतो. वडिलांनी बिल्ला लावला, अधिवेशनांना गेले, चांदवडची पुस्तिका खुणा करून वाचली. लक्ष्मीमुक्तीवर ते ओट्यावर बसून तावातावाने बोलत. आमचा सातबारा मात्र शेवटपर्यंत त्यांच्या एकट्याच्या नावावर राहिला. आई सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवायची. आम्ही “तू पण बस” म्हणायचो, ती “बसते” म्हणायची, आणि तोवर आमटीचे भांडे रिकामे झालेले असे. तिला सतत दम लागायचा. पन्नाशीत तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सात निघाले. दोन मुलगे इंजिनिअरिंग शिकलेले घर ते. यंत्रणा का कोलमडतात यावर मी तेव्हा प्रबंध लिहीत होतो.

वडील गेल्यावर वारसनोंदीचा प्रश्न आला. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली केला आणि २००५ साली केंद्राने तो देशभर नेला. कायदा पुस्तकात होता. गावाकडची रीत वेगळी होती. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने साडी-चोळी करायची आणि माहेर उघडे राहायचे. अक्काने सही केली. मी फोनवर होतो. काही बोललो नाही. आज आमच्या सात एकरांच्या उताऱ्यावर दोन नावे आहेत. एक थोरल्या भावाचे, जो तालुक्याला नोकरी करतो. दुसरे माझे, ज्याने गेल्या वीस वर्षांत खुरपे हातात धरलेले नाही. शेत कसते ती वहिनी. तिचे नाव कुठेच नाही.

आमचे घर अपवाद नाही. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहितीदारांपैकी बायका सुमारे १४ टक्के आहेत. आणि खेड्यातल्या कामकरी बायकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश शेतीत राबतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी रक्तक्षय असलेल्यांचे प्रमाण २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४८ टक्के होते. २०१९-२१च्या पाहणीत ते ५४.२ टक्के झाले. राज्य श्रीमंत होत गेले आणि रक्त पातळ होत गेले. या आकड्यांमागे कारणे अनेक आहेत. नुसती बाजरीची भाकरी खाल्ल्याने रक्तक्षय जात नाही, कारण तिच्यातले लोह अंगी लागायला सोबत लिंबू, पालेभाजी, डाळ, जमल्यास अंडे-मांस लागते. म्हणूनच आहाराचा विचार करणारे आता एका धान्याऐवजी ताटातली विविधता मोजतात. अन्नाचे दहा गट धरायचे, आणि कालच्या दिवसात बाईच्या पोटात त्यांतले किमान पाच गट गेले का, एवढेच विचारायचे. साधी कसोटी आहे. घरात शिजले का, हा प्रश्न नाही. तिने खाल्ले का, हा प्रश्न आहे.

बीजमाता

नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आता सर्वांना माहीत आहे. महादेव कोळी समाजातल्या राहीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. घरात नातवंडाचे आजारपण वाढले तसा त्यांना संकरित बियाण्याच्या आणि फवारणीच्या अन्नाचा संशय आला आणि त्यांनी वालाच्या, भाताच्या, भाज्यांच्या गावरान बियाण्यांचा साठा सुरू केला. बायफ संस्थेच्या साहाय्याने त्याची बीजबँक झाली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना ‘सीड मदर’ म्हटले, आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. नऊवारीतल्या राहीबाईंचा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान होतानाचा फोटो आपल्या कितीतरी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरला. माझ्याही डोळ्यांत पाणी आले.

पण समीक्षकाचे काम करायला बसलोच आहे, तर त्या नावाकडेही जरा पाहू. कमलाबाई ‘सासू’, राहीबाई ‘माता’. विद्यापीठात नवा वाण काढणाऱ्या शास्त्रज्ञाला कुणी ‘बीजपिता’ म्हणत नाही. त्याला शास्त्रज्ञ म्हणतात, आणि पगार देतात. माता म्हटले की ती जे करते ते मायेने करते असे ठरते, आणि मायेला मोबदला नसतो. राहीबाईंच्या कामाला याने काडीचाही उणेपणा येत नाही. उणेपणा आपल्या कौतुकाला येतो.

भरडधान्य परत आणा, असे म्हणणे सोपे आहे. रब्बीची ज्वारी हातांनी उपटून काढावी लागते, कणसे मोडावी लागतात. सोयाबीन यंत्रात जाते. गव्हा-तांदळाची गिरणी गावात आहे. राळा-वरईचे टरफल काढायचे यंत्र अनेक गावांत नसते, मग उखळ आणि मुसळ. मुसळ कुणाच्या हातात, हे सांगायला नको. विविधता हवी, पण तिची मजुरी बाईने फुकट भरावी आणि जमीन, पैसा, निर्णय जिथल्या तिथे राहावा, असे असेल तर त्याला समता म्हणता येणार नाही. जुनीच व्यवस्था नव्या पॅकिंगमध्ये आली, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणूनच मला मराठवाड्यातले ‘एक एकर’चे काम अधिक शिकण्यासारखे वाटते. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर आपल्या मंडळांतल्या ज्येष्ठांनी चेक पाठवले होते, हे त्यांच्याकडून ऐकले आहे. त्या पुनर्वसनाच्या कामातून १९९८ साली प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. तिथल्या बायकांनी घरात मागणी केली ती अगदी छोटी होती. सगळे शेत नको, एक एकर द्या. त्यात काय पेरायचे ते आम्ही ठरवू. त्या एकरात धान्य, कडधान्य, भाजी असे मिश्र पीक, घरचे बी, शेणखत. आधी घर खाईल, उरले तर विकू. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने या कामाला ‘इक्वेटर’ पुरस्कार दिला. मला त्यात तिन्ही पुस्तकांची बेरीज दिसते. हातातल्या ज्ञानाचा मान, ताटाच्या टोकाला बसणाऱ्याची भूक आणि जमिनीवरचा ताबा, तिन्ही एकत्र. उणीव एकच. बहुतेक ठिकाणी एकर मिळतो तो कसायला. उताऱ्यावर नाव चढतेच असे नाही. घरधन्याचे मन फिरले की एकरही फिरतो.

गेल्या महिन्यात मी अक्काला फोन केला. म्हटले, तुझा हिस्सा मला परत द्यायचा आहे. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, “इतक्या वर्षांनी आठवलं होय रे? माझं राहू दे. जी पेरते तिला विचार आधी.” वहिनीला विचारले. मला वाटले होते ती संकोचाने नको म्हणेल. ती म्हणाली, “भाऊजी, सगळं नको. एक एकर द्या, पण विहिरीजवळचा.”

‘विहिरीजवळचा’ हा शब्द ऐकून मी पुस्तके मिटली. बायकांना द्यायचा तुकडा नेहमी माळावरचा, मुरमाड असतो, हे तिला माहीत आहे आणि मलाही. भाऊ फोनवर होता. तो गप्प बसला. तुकड्यांची मोजणी, बक्षीसपत्र, मुद्रांकशुल्क, त्याची संमती, सगळे अजून व्हायचे आहे, आणि होईलच अशी हमी मी देत नाही. डिसेंबरात जाणार आहे. अक्काच्या हिश्श्याचा विषयही मी सोडलेला नाही.

वाचकांना विनंती एवढीच. आपल्यापैकी पुष्कळांची नावे कुठल्या ना कुठल्या गावच्या उताऱ्यावर आहेत. सातबारा आता महाभूलेखवर घरबसल्या पाहता येतो. पुढच्या वेळी नाचणीचे लाडू वळायला घ्याल तेव्हा, पाक मुरत असताना, तो एकदा उघडून पाहावा आणि त्यात कुणाचे नाव नाही ते वाचावे.